ब्रदर लॉरेन्स

ब्रदर लॉरेन्स (जन्म: इ.स. १६१४ च्या सुमारास, एरिमेनिल, लोरेन, मृत्यू: १२ फेब्रुवारी १६९१, पॅरिस) हे सतराव्या शतकातील ख्रिस्ती साधक आणि कार्मेल संघाचे व्रतस्थ बंधू होते. त्यांचे मूळ नाव निकोला हेर्मान. संघात प्रवेश केल्यावर त्यांना ‘पुनरुत्थानाचे लॉरेन्स’ हे नाव मिळाले. त्यांनी धर्मगुरूपदाची दीक्षा घेतली नव्हती व धर्मशास्त्राचे औपचारिक शिक्षणही घेतले नव्हते. पॅरिसमधील मठात आयुष्याची सुमारे पन्नास वर्षे त्यांनी प्रथम स्वयंपाकी आणि पुढे चपला तयार करणारे कारागीर म्हणून घालवली. दैनंदिन काम करीत असतानाच ईश्वराच्या सान्निध्याचे भान राखणे, हा त्यांच्या साधनेचा गाभा होता. त्यांची पत्रे, काही टिपणे आणि त्यांच्याशी झालेल्या संभाषणांच्या नोंदी त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाल्या. ‘ईश्वराच्या सान्निध्याचा अभ्यास’ या आशयाच्या नावाने हे लेखन जगभर ओळखले जाते. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट अशा दोन्ही परंपरांत ते आजही वाचले जाते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

लॉरेन्स यांचा जन्म झाला तेव्हा लोरेन हा प्रदेश फ्रान्सचा भाग नव्हता. फ्रान्स आणि पवित्र रोमन साम्राज्य यांच्या मध्ये वसलेली ती एक स्वतंत्र डची होती. इ.स. १६१८ मध्ये सुरू झालेले आणि १६४८ पर्यंत चाललेले तीस वर्षांचे युद्ध लवकरच या प्रदेशात येऊन पोहोचले. इ.स. १६३३ मध्ये फ्रेंच सैन्याने लोरेनची राजधानी नान्सी ताब्यात घेतली. त्यानंतर फ्रेंच, जर्मन आणि स्वीडिश फौजांच्या हालचालींनी गावे उजाड झाली. दुष्काळ आणि साथींनी उरलेल्यांचे हाल केले. नान्सीचे कोरीव चित्रकार झाक कालो यांनी १६३३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या युद्धाच्या दुर्दशेवरील चित्रमालिकेत लूट, जाळपोळ आणि सामूहिक फाशी यांची दृश्ये आहेत. लॉरेन्स यांचे तारुण्य याच वातावरणात गेले.

कॅथलिक धर्मजीवनात हा काळ नव्या उत्साहाचा होता. स्पेनमध्ये आविलाच्या संत टेरेसा यांनी इ.स. १५६२ पासून कार्मेल संघात सुधारणा घडवून आणली होती. या सुधारित शाखेचे संन्यासी ‘अनवाणी कार्मेलाइट’ म्हणून ओळखले जात. बंद जोड्यांऐवजी साध्या चपला वापरण्याची त्यांची रीत या नावामागे आहे. मठातील स्वयंपाकघरातही ईश्वर भेटतो, असे टेरेसा यांनी आपल्या भगिनींना सांगून ठेवले होते. सतराव्या शतकाच्या आरंभी या शाखेने पॅरिसमध्ये, व्होझिरार मार्गावर, आपला मठ उभारला.

बालपण आणि युद्धातील अनुभव

निकोला यांचा जन्म ल्युनेव्हिल शहराजवळील एरिमेनिल या खेड्यात एका सामान्य कुटुंबात झाला. घरचे वातावरण धार्मिक होते. त्यांच्या शालेय शिक्षणाचा तपशील उपलब्ध नाही. मात्र पुढे त्यांनी लिहिलेल्या पत्रांवरून त्यांना लिहिता-वाचता येत होते, हे स्पष्ट होते.

वयाच्या अठराव्या वर्षी आलेला एक अनुभव त्यांनी आयुष्यभर जपला. हिवाळ्यात पाने गळून गेलेले एक झाड त्यांच्या दृष्टीस पडले. काही काळाने याच झाडाला पालवी फुटेल, मग फुले आणि फळे येतील, हा विचार त्यांच्या मनात आला. त्या विचारासरशी ईश्वराच्या सामर्थ्याची आणि त्याच्या काळजीची त्यांना इतकी खोल जाणीव झाली, की ती पुढे कधीही पुसली गेली नाही, असे त्यांनी उतारवयात सांगितले. या प्रसंगात कोणताही चमत्कार किंवा दृष्टान्त नव्हता. नेहमीच्या दृश्याकडे वेगळ्या नजरेने पाहण्याची त्यांची पुढील पद्धत या आठवणीत आधीच दिसते.

या अनुभवानंतर ते लगेच मठात गेले नाहीत. ते लोरेनच्या सैन्यात भरती झाले. एकदा जर्मन सैनिकांच्या एका तुकडीने त्यांना हेर समजून पकडले आणि फाशी देण्याची धमकी दिली. आपण हेर नाही, आपले मन याबाबत स्वच्छ आहे आणि मरणाची आपल्याला पर्वा नाही, असे त्यांनी शांतपणे सांगितल्यावर त्यांना सोडून देण्यात आले. इ.स. १६३५ मध्ये रांबेर्व्हिले या गावावर स्वीडिश सैन्याने केलेल्या हल्ल्यात ते जखमी झाले आणि उपचारांसाठी आईवडिलांकडे परतले. येथेच त्यांचे सैनिकी जीवन संपले. सैन्यातील आपल्या वर्तनाबद्दल त्यांना पुढे तीव्र पश्चात्ताप वाटत असे.

एकान्तवास आणि सेवकाची नोकरी

प्रकृती सुधारल्यानंतर निकोला यांनी धर्मजीवनाला वाहून घेण्याचे ठरवले. एकान्तवासाची ओढ असलेल्या एका सधन गृहस्थाबरोबर त्यांनी काही काळ तपस्व्याचे आयुष्य जगून पाहिले. हा प्रयोग फसला. कोणताही बांधलेला दिनक्रम नसल्यामुळे त्यांचे मन क्षणात आनंदाने भरून जाई, तर क्षणात खिन्न होई. भावनेच्या बळावर केलेली साधना टिकत नाही, हे त्यांना या वेळी कळले.

त्यानंतर ते पॅरिसला आले आणि राजकोषाचे अधिकारी फ्योबे यांच्या घरी सेवक म्हणून राहिले. ते अंगाने धिप्पाड होते, पण कामात अतिशय धांदरट. हाती घ्यावी ती वस्तू आपल्याकडून फुटत असे, असे ते स्वतःविषयी सांगत. पुढे ज्यांच्याकडे शांत आणि नेटक्या कामाचा आदर्श म्हणून पाहिले गेले, त्यांची सुरुवात अशी होती.

मठप्रवेश

इ.स. १६४० मध्ये निकोला यांनी व्होझिरार मार्गावरील कार्मेलाइट मठात प्रवेश केला. त्या वेळी त्यांचे वय सुमारे २६ वर्षांचे होते. दोन वर्षांची उमेदवारी पूर्ण करून त्यांनी ऑगस्ट १६४२ मध्ये आजन्म व्रते घेतली.

मठातील संन्याशांचे दोन वर्ग होते. पहिला वर्ग धर्मगुरूंचा. ते लॅटिन जाणत, प्रार्थनामंदिरात ठरावीक वेळी सामूहिक स्तोत्रपठण करीत, मिस्साविधी चालवीत आणि प्रवचने देत. दुसरा वर्ग श्रमाची कामे करणाऱ्या बंधूंचा. स्वयंपाक, शिवणकाम, बागकाम, बाजारहाट ही कामे त्यांच्याकडे असत. लॅटिन स्तोत्रांऐवजी ते प्रभूची प्रार्थना ठरावीक वेळा म्हणत. संघाच्या रचनेत त्यांचे स्थान खालचे होते. लॉरेन्स या दुसऱ्या वर्गात दाखल झाले आणि अखेरपर्यंत त्याच वर्गात राहिले.

आपल्या धांदरटपणाबद्दल मठात कठोर शिक्षा होतील आणि त्या सोसून आपल्या जुन्या पापांचे प्रायश्चित्त घडेल, अशी त्यांची अपेक्षा होती. ईश्वराने या बाबतीत आपली निराशा केली, कारण आपल्याला येथे समाधानच मिळाले, असे ते पुढे विनोदाने म्हणत. तथापि या समाधानापर्यंत पोहोचण्यास त्यांना बरीच वर्षे लागली.

स्वयंपाकघरातील वर्षे

व्रते घेतल्यानंतर लॉरेन्स यांची नेमणूक स्वयंपाकघरात झाली. स्वयंपाकाच्या कामाचा त्यांना मुळातच तिटकारा होता. मठाचा परिवार मोठा होता आणि जेवणाच्या वेळा प्रार्थनेच्या घंटेशी बांधलेल्या होत्या. कार्मेल संघाच्या नियमानुसार आजारी व्यक्तींचा अपवाद वगळता मांस वर्ज्य असल्यामुळे भाज्या, कडधान्ये, अंडी आणि मासे यांवर स्वयंपाक भागवावा लागे. धूर, उष्णता, भांड्यांचा आवाज आणि एकाच वेळी अनेकांच्या मागण्या, अशा गर्दीत त्यांनी सुमारे १५ वर्षे काम केले.

या कामात त्यांनी एक साधी रीत ठरवली होती. काम सुरू करताना ते ईश्वराला उद्देशून थोडक्यात प्रार्थना करीत: आता आज्ञेनुसार मला या बाहेरच्या कामात लक्ष घालावयाचे आहे, तेव्हा तू माझ्याबरोबर राहा आणि हे काम स्वीकार, असा तिचा आशय असे. काम चालू असताना ते मनातल्या मनात याच संभाषणाकडे वारंवार परत येत. काम संपल्यावर ते कसे झाले याचा स्वतःशी आढावा घेत. चांगले झाले असल्यास आभार मानीत. चुकले असल्यास क्षमा मागीत आणि खंत करीत न बसता पुढच्या कामाला लागत.

तव्यावरचे ऑम्लेट उलटणे किंवा जमिनीवर पडलेली काडी उचलणे, ही कामेही ईश्वराच्या प्रेमाखातर करता येतात, असे ते सांगत. ईश्वर कामाच्या आकाराकडे पाहत नाही, ते ज्या प्रेमाने केले जाते त्याकडे पाहतो, ही त्यांची धारणा होती. त्यामुळे प्रार्थनेसाठी राखून ठेवलेला वेळ आणि कामाचा वेळ यांत त्यांना हळूहळू फरक वाटेनासा झाला. स्वयंपाकघरातील गोंगाटात आपण जितके शांत असतो तितकेच प्रार्थनामंदिरात गुडघे टेकलेले असताना असतो, असे त्यांनी आपल्या परिचितांना सांगितले.

दहा वर्षांचे अंतर्द्वंद्व

लॉरेन्स यांची शांतता स्वभावसिद्ध होती, असा समज त्यांच्या लेखनाच्या वरवरच्या वाचनातून होऊ शकतो. प्रत्यक्षात मठातील पहिली सुमारे दहा वर्षे त्यांनी तीव्र मानसिक यातनेत काढली. आपण केलेली पापे त्यांना सतत आठवत. ईश्वराची कृपा आपल्याला अपात्र असताना मिळत आहे, की आपण स्वतःला फसवीत आहोत, याचा त्यांना निर्णय करता येईना. यांपैकी चार वर्षे तर आपला नरकवास निश्चित आहे, अशी त्यांची खात्री झाली होती. कोणाच्याही समजावण्याने ती दूर झाली नाही.

या अवस्थेतून बाहेर पडण्याचा जो मार्ग त्यांना सापडला, त्यावर त्यांची पुढील सर्व शिकवण उभी आहे. आपला उद्धार होणार की नाही, या प्रश्नाचे उत्तर शोधणे त्यांनी थांबवले. आपण धर्मजीवनात आलो ते ईश्वरावरील प्रेमापोटी. तेव्हा पुढे काहीही होवो, मरेपर्यंत निदान त्याच्या प्रेमाखातर जे करता येईल ते करीत राहावे, असा निश्चय त्यांनी केला. हे दुःख आयुष्यभर असेच राहील, अशी त्यांनी मनाची तयारीही केली. या निश्चयानंतर त्यांची भीती अनपेक्षितपणे मावळली आणि मनाला खोल स्वस्थता लाभली.

लॉरेन्स स्वर्गाचा लोभ आणि नरकाची भीती या दोन्ही हेतूंना गौण मानत, त्याचे मूळ या दहा वर्षांत आहे. शिक्षेच्या भीतीने किंवा बक्षिसाच्या आशेने काम करणाऱ्याचे लक्ष शेवटी स्वतःकडेच असते, हे त्यांनी अनुभवाने जाणले होते.

मद्यखरेदीचे प्रवास आणि चपलांची कार्यशाळा

मठाच्या वापरासाठी द्राक्षमद्य खरेदी करण्याचे कामही लॉरेन्स यांच्यावर सोपवले जाई. त्यासाठी ते इ.स. १६६५ मध्ये ओव्हेर्न आणि १६६६ मध्ये बर्गंडी या प्रांतांत गेले. व्यवहारज्ञान त्यांच्याकडे नव्हते आणि एका पायाने ते लंगडत असत. नावेत चालणे शक्य नसल्यामुळे पिंपांवरून अंग लोटत त्यांना एका जागेवरून दुसऱ्या जागी जावे लागे. हे काम ईश्वराचे आहे, असे म्हणून ते निघत आणि ते व्यवस्थित पार पडल्याचे त्यांना परतताना आढळे. कसे पार पडले, हे आपल्याला सांगता येणार नाही, असे ते म्हणत.

पायाचे दुखणे वाढल्यानंतर त्यांना स्वयंपाकघरातून चपला तयार करण्याच्या कार्यशाळेत हलवण्यात आले. हे बसून करावयाचे काम त्यांना आवडत असे. तरीही गरज पडेल तेव्हा ते स्वयंपाकघरात मदतीला जात. आवडते काम आणि नावडते काम यांपैकी कोणतेही सोडण्यास आपण सारखेच तयार आहोत, असे ते सांगत.

बोफोर यांच्याशी संभाषणे

लॉरेन्स यांच्या विचारांची माहिती आज उपलब्ध आहे ती मुख्यतः जोझेफ द बोफोर या धर्मगुरूंमुळे. बोफोर हे लुई-आंत्वान द नोआय यांचे निकटचे सहकारी होते. नोआय प्रथम शालाँचे बिशप आणि इ.स. १६९५ पासून पॅरिसचे आर्चबिशप होते. बोफोर यांनी ३ ऑगस्ट १६६६ रोजी लॉरेन्स यांची पहिली भेट घेतली. त्याच वर्षी सप्टेंबर व नोव्हेंबरमध्ये आणि पुढे नोव्हेंबर १६६७ मध्ये त्यांच्यात आणखी संभाषणे झाली. त्यांच्या नोंदी बोफोर यांनी तृतीयपुरुषी निवेदनात लिहून ठेवल्या. त्यामुळे संभाषणांतील शब्दरचना बरीचशी बोफोर यांची आहे; लॉरेन्स यांची स्वतःची भाषा त्यांच्या पत्रांत भेटते.

एक विद्वान धर्मगुरू एका स्वयंपाकी बंधूकडे मार्गदर्शनासाठी येतो, ही त्या काळच्या समाजरचनेत लक्षणीय गोष्ट होती. पुढे इतरही अनेक जण त्यांच्याकडे येऊ लागले. लॉरेन्स यांना या प्रसिद्धीचे आकर्षण नव्हते. मनातील विचार ते कधी कागदावर उतरवीत, पण प्रत्यक्ष अनुभवाच्या तुलनेत ते तोकडे वाटून पुष्कळदा फाडून टाकीत.

शिकवण

ख्रिस्ती परंपरेत अखंड प्रार्थनेचा उपदेश प्राचीन आहे. पौलाने थेस्सलनीका येथील मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात तो आढळतो. मात्र पोटापाण्याचे काम करणाऱ्या माणसाने हा उपदेश कसा आचरणात आणावा, हा प्रश्न कायम होता. लॉरेन्स यांची शिकवण या प्रश्नाचे उत्तर आहे. तिचे मुख्य मुद्दे पुढीलप्रमाणे मांडता येतात.

१. हेतूतील बदल. पवित्र होण्यासाठी कामे बदलण्याची आवश्यकता नाही. जे आपण एरवी स्वतःसाठी करतो, तेच ईश्वरासाठी करावे.

२. सवय. ईश्वराचे स्मरण प्रारंभी प्रयत्नपूर्वक करावे लागते. मन शेकडो वेळा भरकटते. त्याला रागावून नव्हे, तर सौम्यपणे परत आणावे. सातत्याने हे केल्यास कालांतराने स्मरण सहज होऊ लागते.

३. चुकांविषयीची वृत्ती. चूक झाली तर ती सरळ कबूल करावी, आधाराशिवाय आपल्याकडून असेच घडणार हे मान्य करावे आणि पुढे जावे. दीर्घकाळ स्वतःला दोष देत राहणे हा विश्वासाचा अभाव आहे.

४. पद्धतींची मर्यादा. ध्यानाच्या ठरावीक पद्धती आणि कठोर प्रायश्चित्ते ही साधने आहेत. ती प्रेमापर्यंत नेत नसतील तर निरुपयोगी ठरतात. त्यांनी स्वतः संघाचे नियम अखेरपर्यंत पाळले, परंतु इतर विशेष पद्धती सोडून दिल्या.

५. भावनेपेक्षा विश्वास. ईश्वराचे सान्निध्य जाणवो वा न जाणवो, ते आहेच, या विश्वासाने वागावे. आनंददायक अनुभूतीच्या मागे लागू नये.

पत्रव्यवहार

लॉरेन्स यांची १६ पत्रे प्रसिद्ध झाली आहेत. ती मुख्यतः धर्मभगिनींना, काही धर्मगुरूंना आणि संसारी स्त्रियांना लिहिलेली आहेत. एका पत्रात आपली साधनेची पद्धत सांगताना हे पत्र कोणालाही दाखवू नये, अशी अट त्यांनी घातली होती. तेच पत्र पुढे हजारो लोकांच्या वाचनात आले.

याच पत्रव्यवहारात त्यांनी स्वतःची तुलना राजासमोर उभ्या राहिलेल्या अपराध्याशी केली आहे. अपराधी क्षमा मागतो आणि राजा त्याला शिक्षा करण्याऐवजी आपल्या पंक्तीला बसवून स्वतःच्या हाताने जेवू घालतो, असे हे चित्र आहे. ज्यांनी अनेक वर्षे इतरांना जेवू घातले, त्यांना कृपेसाठी भोजनाची प्रतिमा सुचावी, हे स्वाभाविक होते.

एका सैनिकाविषयी लिहिताना त्यांनी कूच करीत असताना, हातात तलवार असतानाही क्षणभर मन ईश्वराकडे वळवता येते, असे सांगितले. हा सल्ला देताना त्यांना स्वतःचे सैनिकी दिवस ठाऊक होते. आजारी असलेल्या एका धर्मभगिनीला लिहिताना मात्र त्यांची भूमिका आजच्या वाचकाला कठोर वाटू शकते. वेदना दूर व्हाव्यात यापेक्षा त्या सोसण्याचे बळ मिळावे अशी प्रार्थना आपण करतो, असे ते लिहितात. मानवी उपचारांवर फार विसंबू नये, असाही त्यांचा सूर आहे. हे लिहिणारे स्वतः दीर्घकाळ पायाच्या दुखण्याने त्रस्त होते. त्या काळी प्रभावी औषधोपचार फारसे उपलब्ध नव्हते, हेही येथे लक्षात घ्यावे लागते.

अखेरचे दिवस

वयाच्या पंचाहत्तरीनंतर लॉरेन्स यांची प्रकृती खालावत गेली. फेब्रुवारी १६९१ मध्ये ते अंथरुणाला खिळले. ६ फेब्रुवारीच्या आपल्या शेवटच्या पत्रात, थोड्याच दिवसांत ईश्वराचे दर्शन घडेल अशी आशा त्यांनी व्यक्त केली. १२ फेब्रुवारी १६९१ रोजी त्यांचे निधन झाले. ज्या पापाच्या भीतीने त्यांना तारुण्यात ग्रासले होते, तिचा मागमूसही या अखेरच्या दिवसांच्या वर्णनात आढळत नाही.

लेखनाचे प्रकाशन आणि निश्चेष्टतावादाचा वाद

बोफोर यांनी इ.स. १६९२ मध्ये लॉरेन्स यांची आध्यात्मिक वचने आणि पत्रे, त्यांच्या जीवनाच्या परिचयासह प्रसिद्ध केली. इ.स. १६९४ मध्ये संभाषणांच्या नोंदींचा समावेश असलेला दुसरा ग्रंथ निघाला.

हे प्रकाशन अडचणीच्या काळात झाले. मनुष्याने स्वतःचे प्रयत्न थांबवून ईश्वरापुढे पूर्णतः निष्क्रिय व्हावे, या मताला निश्चेष्टतावाद असे म्हटले जात होते. या मताचे पुरस्कर्ते मिगेल दे मोलिनोस यांची शिकवण पोप अकरावे इनोसंट यांनी इ.स. १६८७ मध्ये निषिद्ध ठरवली होती. फ्रान्समध्ये फेनेलाँ आणि बोस्युए या दोन थोर बिशपांत याच विषयावर तीव्र वाद पेटला. फेनेलाँ यांनी लॉरेन्स यांची आजारपणात भेट घेतली होती आणि दुखण्यातही त्यांची प्रसन्नता पाहून ते प्रभावित झाले होते. आपल्या समर्थनार्थ त्यांनी लॉरेन्स यांच्या लेखनाचा आधार घेतला. नोआय या वादात फेनेलाँ यांच्या विरुद्ध बाजूला होते, तर लॉरेन्स यांचे लेखन त्यांच्याच सहकाऱ्याने प्रकाशात आणले होते. त्यामुळे या उल्लेखाने नोआय यांची पंचाईत झाली. इ.स. १६९९ मध्ये पोप बारावे इनोसंट यांनी फेनेलाँ यांच्या ग्रंथातील २३ विधाने निषिद्ध ठरवली.

लॉरेन्स यांच्या लेखनावर अशी बंदी कधी आली नाही. तथापि या वादानंतर फ्रान्सच्या कॅथलिक वर्तुळात ते दीर्घकाळ मागे पडले. वास्तविक लॉरेन्स यांची शिकवण निष्क्रियतेची नव्हती. तिचा आरंभच भांडी, चूल आणि बाजारहाट यांपासून होत होता. उद्धाराची चिंता सोडून देण्याचा त्यांचा निर्णय निश्चेष्टतावादाच्या जवळ जाणारा वाटला, तरी त्याचा परिणाम अधिक काळजीपूर्वक काम करण्यात झाला.

प्रभाव

फ्रान्समध्ये मागे पडलेले हे लेखन प्रोटेस्टंट वाचकांनी जिवंत ठेवले. गूढवादी साहित्याचे संपादक पिएर प्वारे यांनी ते पुन्हा प्रसिद्ध केले. अठराव्या शतकात त्याचे इंग्रजी भाषांतर झाले. मेथडिस्ट चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांनी आपल्या ख्रिस्ती ग्रंथमालेत ते संक्षिप्त रूपात समाविष्ट केले. विसाव्या शतकात प्रौढसाक्षरतेच्या कार्यासाठी ओळखले जाणारे मिशनरी फ्रँक लॉबाख यांनी फिलिपिन्समध्ये असताना दिवसातील प्रत्येक मिनिटाला ईश्वराचे स्मरण करण्याचा प्रयोग केला. त्यांचे नाव लॉरेन्स यांच्या परंपरेत घेतले जाते. कार्मेलाइट अभ्यासक कॉन्राड दे मेस्टर यांनी इ.स. १९९१ मध्ये, लॉरेन्स यांच्या मृत्यूला ३०० वर्षे झाली त्या वर्षी, त्यांच्या लेखनाची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली.

ज्या मठात लॉरेन्स राहिले, तेथे सप्टेंबर १७९२ मध्ये फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात कैदेत ठेवलेल्या शंभराहून अधिक धर्मगुरूंची हत्या झाली. मठाचे चर्च आजही उभे आहे आणि त्या परिसरात पॅरिसची कॅथलिक विद्यापीठसंस्था आहे.

मूल्यमापन

लॉरेन्स यांनी नवा सिद्धान्त मांडला नाही, संघ स्थापन केला नाही किंवा कोणते सामाजिक कार्य उभारले नाही. कॅथलिक चर्चने त्यांना संतपदही दिलेले नाही. त्यांच्यावर एक आक्षेप असा घेतला जातो, की नेमून दिलेल्या कामात समाधान मानण्याची ही शिकवण अन्यायकारक परिस्थितीही मुकाट्याने स्वीकारावयास लावू शकते. या आक्षेपात तथ्य आहे. मठातील श्रमविभागणी योग्य आहे काय, हा प्रश्न लॉरेन्स यांनी कधी उपस्थित केला नाही.

दुसऱ्या बाजूने, त्यांच्या आयुष्यामुळे त्याच श्रेणीरचनेला एक वेगळे उत्तर मिळाले. प्रार्थनामंदिरातील सेवा श्रेष्ठ आणि चुलीपुढची सेवा कनिष्ठ, हा भेद त्यांनी तर्काने खोडून काढला नाही, तर आचरणातून निरर्थक ठरवला. त्यांची पद्धत मनःशांतीची सोपी युक्ती म्हणून सांगितली जाते, तेव्हा तिच्यामागील दहा वर्षांचे भय आणि पंधरा वर्षांचे नावडते काम दृष्टिआड होते. श्रद्धा दैनंदिन जीवनात उतरवणे म्हणजे काय, याचे त्यांनी दिलेले उदाहरण त्या दोन्ही गोष्टींसह वाचले, तरच पूर्ण होते.